ठमीतली खोट

रविवार, १२ जानेवारी

पिल्लांना आज आठ आठवडे पूर्ण झाले. आमच्या घरात हा परीक्षेचा दिवस. एकेक पिल्लू टेबलावरच्या रबरी चटईवर उभं करायचं, चारी पाय सरळ ठेवायचे, एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्याने शेपटी धरायची आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहायचं. या वयात पिल्लाची मोठेपणीची ठेवण एकदा दिसून जाते आणि मग वाढीच्या धांदलीत पुन्हा हरवते. म्हणून बघायचं ते आत्ताच.

बाबा म्हणजे माझे सासरे. अर्धं आयुष्य त्यांनी कुत्र्यांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून काढलं आणि उरलेलं घरच्या कुत्र्यांना नावं ठेवण्यात. याचा खांदा उभा, त्याचा जबडा पुढे, तिची छाती बसकी. गेल्या वर्षी गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी परीक्षकाचं काम सोडलं. आमच्या ब्रीडर मंडळींत एक ठरलेला विनोद आहे, की बाबांना ज्या कुत्र्यात खोट सापडली नाही ते त्यांनी पाहिलेलंच नाही.

हे वेत माझं आहे. म्हणजे पिल्लांच्या आईसाठी नर मी निवडला. बाबांच्या एकुलत्या एका मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. त्यामुळे लांब केसांच्या, मेंढ्या राखणाऱ्या जातीचा हा सगळा पसारा सुनेच्या गळ्यात पडला. पिल्लांची उठाठेव मी गेली कित्येक वर्षं करते आहे, पण कुणाचं कुणाशी जुळवायचं हे ठरवायची वेळ पहिलीच.

सगळ्यात शेवटी ठमीला ठेवलं. माझी आवडती. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, खिडकीकडे तोंड वळवलं आणि म्हणाले, “चांगली आहे.”

“हिला घरी ठेवावी म्हणते.”

“ठेव की.”

“बाबा, नीट बघा ना. खोट असेल तर सांगा.”

“चांगली आहे म्हटलं ना एकदा!”

पाचही पिल्लं चांगली निघाली. आजवर असं कधी झालेलं नाही. मला नापास केलं असतं तरी चाललं असतं, पण पेपरच तपासायचा नाही म्हणजे काय? सुनेचं वेत, त्यात काय बघायचंय, असंच ना? रागाच्या भरात मी टेबल इतकं घासलं की चटईचा रंग फडक्याला लागला.

बुधवार, १५ जानेवारी

ब्रीडर मंडळाची बैठक अध्यक्षांच्या गाद्यांच्या दुकानात झाली. सगळे एकावर एक रचलेल्या गाद्यांवर बसतात, त्यामुळे कुणाला पोक्त दिसता येत नाही आणि निम्मे पेंगतात. मी यंदा चिटणीस. पुढच्या महिन्यात सभासदांसाठी दिवसभराचा अभ्यासवर्ग भरवायचा आहे. चार तज्ज्ञ, चार व्याख्यानं. सगळं माझ्या डोक्यावर.

खाण्यापिण्यावर एक जण बोलणार, कुत्र्यांच्या वागण्यावर एक प्रशिक्षक. तिसरा विषय केसांची निगा घ्यावा असं अध्यक्षांच्या मनात होतं, कारण त्यांच्या ओळखीचा कुणीतरी आहे. तेवढ्यात बाबा म्हणाले, “डोळ्यांचा घ्या.”

“अहो काका, पण केसांचे प्रश्न सगळ्यांनाच असतात.”

“केस गळून कुत्रं आंधळं होत नाही. डोळ्यांचा घ्या.”

एवढ्या चढ्या आवाजात बोलले की पेंगणारेही जागे झाले. डोळ्यांचा विषय ठरला. चौथे वक्ते खुद्द बाबा, विषय ‘पिल्लू कसं बघावं’. ते नाही म्हणायच्या आत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, “ठमीला टेबलावर घेऊ या. प्रत्यक्षच दाखवता येईल.”

“पिल्लू-बिल्लू काही नको,” बाबा म्हणाले. “मी नुसता बोलेन.”

सगळ्यांसमोर! घरी येताना मी रागाने धुमसत होते. आमची सगळ्यात जुनी कुत्री, म्हातारी, आम्हा दोघांच्या मधून चालत होती आणि वाटेतलं प्रत्येक डबकं बाबांना चुकवायला लावत होती. तिला बाबांशिवाय करमत नाही आणि बाबा हल्ली तिच्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. सून मात्र मागून आली काय आणि पुढून गेली काय, सारखंच.

मंगळवार, २१ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई यायला तयार झाल्या. लांबून येणार म्हणून आदल्या दिवशी आमच्याच घरी मुक्काम. प्राण्यांच्या डोळ्यांशिवाय त्या दुसरं काही तपासत नाहीत. आमच्या जातीत एक आनुवंशिक रोग आहे. डोळ्याचा आतला पडदा हळूहळू वाळत जातो आणि कुत्रं आंधळं होतं. त्यावरच त्या बोलतील.

काजळीला तोच झाला होता. काजळी म्हणजे म्हातारीची आई. मी लग्न होऊन आले तेव्हा तिची नजर जात चालली होती. बाबा तिला घेऊन या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरले आणि शेवटी सगळ्यांनी हात टेकले. तेव्हापासून दर वर्षी घरातल्या प्रत्येक कुत्र्याचे डोळे तपासून घ्यायचे, हा बाबांचा नियम. मी तो एकदाही चुकवलेला नाही.

बाबा फोनपाशीच घुटमळत होते.

“औषधाचं काही बोलल्या का?”

“व्याख्यानात बोलतील.”

“पण निघालंय का आता काही?”

“बाबा, मी चिटणीस आहे, डॉक्टर नाही.”

मागून मला वाईट वाटलं. काजळीला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचा जीव अजून तिच्यात अडकलाय. ठमीच्या वाट्याला त्यातला चिमूटभर आला असता तर काय बिघडलं असतं?

शनिवार, १ फेब्रुवारी

आज मनातलं सगळं इथे ओकून टाकते, नाहीतर उद्या कुणावर तरी भांडं फेकेन.

एक. बाबा चहा बशीत ओतताना निम्मा बाहेर सांडतात आणि मी पुसायला गेले की म्हणतात, कप बदललेस का? दोन. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर रोज हात करतात आणि बाबा मान ताठ ठेवून निघून जातात. चाळीस वर्षांची मैत्री. पोस्टमास्तर मला विचारतात, “माझं काही चुकलं का हो?” मी काय सांगू? वय झालं की माणसाला शिष्टपणा चढतो, असं सांगू? तीन. सकाळचा पेपर स्वतः न वाचता नवऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतात. तेही कुठलं पान, तर शेअर बाजाराचं. या घरात कुणाकडे एक शेअर नाही. नवरा शाळेत गणित शिकवतो, त्याला आकडे वाचायचं काही वाटत नाही. तो शिंका देत देत वाचतो, बाबा डोळे मिटून ऐकतात आणि एखादा आकडा पुन्हा वाचायला लावतात.

आणि आजचा कळस. अभ्यासवर्गाची पत्रकं छापून आली. अध्यक्षांनी कुठल्या तरी भाच्याकडून करून घेतली आणि त्या भाच्याने वर कुत्र्याऐवजी चक्क कोल्ह्याचा फोटो टाकला! मी कपाळावर हात मारून पत्रक बाबांपुढे धरलं. म्हटलं, आता तरी यांचा पारा चढेल.

“छान झालंय,” बाबा म्हणाले.

कोल्हा! ब्रीडरांच्या सभेला कोल्हा, आणि म्हणे छान झालंय. नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की शिंकच थांबेना. मला नाही हसू आलं. या अभ्यासवर्गाची त्यांना काडीची पर्वा उरलेली नाही, कारण तो मी भरवतेय.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाहुणीसाठी पुढची खोली रिकामी केली. सोफा खिडकीखाली सरकवला, पुस्तकांचं कपाट दाराजवळ आणलं, बाबांची खुर्ची भिंतीला लावली. खोली अगदी ऐसपैस दिसायला लागली. मी कौतुकाने बघत होते, तर बाबा फिरून आले आणि सरळ कपाटावर आदळले. कपाळाला टेंगूळ.

“कुणी सांगितलं होतं तुला हलवाहलव करायला?” इतके ओरडले की कुत्री भुंकायला लागली.

“पाहुणी येणार आहे! घरातलं एक कपाट हलवायचीही मला मुभा नाही का?”

ते मागे वळले आणि तेवढ्यात ठमीचा पाय त्यांच्या बुटाखाली आला. ती अशी किंचाळली की माझ्या काळजाचं पाणी झालं. बाबांनी आयुष्यात कधी कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिलेला नाही. झोपलेल्या पिल्लांच्या मधून ते मांजराच्या पावलांनी जायचे.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. जमिनीवर बसून ते हाताने तिला शोधायला लागले. ती कोपऱ्यात गेली होती. मी तिला उचलून त्यांच्या मांडीवर दिली, कारण काही केलं तरी मला बघवेना. दुपारभर ते तिचा पाय चोळत बसले होते. पायाला काही झालेलं नाही. खाली ठेवल्यावर उड्या मारत गेली.

संध्याकाळी मी सोफा, कपाट, खुर्ची सगळं पुन्हा होतं तिथे ठेवलं. नवरा म्हणाला, बाबांना बदल सोसत नाही. मी म्हटलं, मला तरी कुठे सोसतोय? पूर्वीचे बाबा होते त्यांच्या जागी हे कोण येऊन बसलंय?

शनिवार, १५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्याहून लहान, बुटक्या, पाठीवर स्वतःएवढी बॅग. माणसांशी मोजकं बोलतात, कुत्र्यांशी भरभरून. आल्या आल्या म्हातारीपुढे फरशीवर बसल्या आणि खिशातून छोटा टॉर्च काढून तिचे डोळे तपासले. “हिची नजर उत्तम आहे,” म्हणाल्या. “वयाच्या मानाने फारच तरतरीत. जरा जास्तच सावध आहे. कुणाचं काम करते का ही?”

“कसलं काम?” मी म्हटलं. “बाबांना फिरवून आणते तेवढंच.”

जेवताना बाबांनी काजळीची सगळी हकीकत सांगितली. बाई मन लावून ऐकत होत्या. मी पोळ्या वाढायच्या नादात होते आणि डोक्यात उद्याच्या खुर्च्या. सभागृहवाला म्हणतो मंचाच्या पायऱ्या अंधारात आहेत, पण पडद्यावर चित्रं दाखवायची तर दिवे कमीच ठेवावे लागणार. बाबांच्या व्याख्यानासाठी मी जुन्या कुत्र्यांचे फोटो निवडलेत. त्यांना सांगितलं नाही. उगाच नाही म्हणतील.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहायला हवं.

सभागृह भरलं. कोल्हा बघूनही माणसं आली. खाण्यावाल्यांनी कुत्र्यांना काय देऊ नये याची इतकी लांबण लावली की चहाच्या वेळी कुणाला बिस्किट घ्यायचा धीर होईना. प्रशिक्षकांनी फर्मान सोडून स्वतःच्या कुत्र्याला बसायला सांगितलं आणि ते उभंच राहिलं. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. मी मागे उभी राहून मुद्दे टिपत होते. एका कडेला सभासदांनी आणलेल्या कुत्र्यांचे पिंजरे होते, त्यात ठमी होती. आणायचं कारण नव्हतं, पण आणली.

मग डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. कुत्र्यांपुढे असतात तशाच खुलल्या.

“कुत्रं कधी सांगत नाही की मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “ते घर पाठ करून ठेवतं. सगळं जागच्या जागी असेल तर तुम्हाला पत्ता लागत नाही. पण एखादी खुर्ची हलवा, लगेच धडकेल. पायरीपाशी थबकेल. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याच्या मागे मागे चालेल. ओळखीचं कुणी लांबून आलं तर ओळख दाखवणार नाही. आणि मालक माझ्याकडे येऊन काय म्हणतात? डॉक्टर, हे हल्ली हट्टी झालंय. चिडकं झालंय. वयाने तुसडं झालंय.”

सभागृह हसलं. मीही हसत हसत लिहीत होते. खुर्ची हलवली की धडकतं, लिहिलं. दुसऱ्याच्या मागे चालतं, लिहिलं. ओळख दाखवत नाही, लिहिलं. मग पेन थांबलं.

मी वर बघितलं. पहिल्या रांगेत बाबांचं डोकं दिसत होतं. कान बाईंकडे, तोंड भलतीकडे.

दर वर्षी नेमाने मी आठ आठ कुत्र्यांचे डोळे तपासून घेते. आणि रोज समोर बसून चहा पिणारा माणूस?

बाई एक छोटासा पट्टा दाखवत होत्या, घुंगरू लावलेला. सोबतच्या कुत्र्याच्या गळ्यात हा बांधा, म्हणजे न दिसणारं कुत्रं आवाजाच्या मागे बिनधास्त चालतं. त्यांचं संपल्यावर पहिला प्रश्न बाबांनी विचारला. उभे राहिले आणि म्हणाले, “पडदा वाळतो त्याच्यावर आता तरी काही औषध निघालं आहे का?”

“नाही काका. त्याच्यावर अजून नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले. बसायच्या आधी त्यांनी खुर्चीचा हात चाचपला. तो एवढासा ‘बरं’ माझ्या कानातून अजून जात नाही. इतके दिवस ते या एका उत्तरासाठी थांबले होते आणि मी त्यांना म्हटलं होतं, मी चिटणीस आहे.

पुढचं व्याख्यान त्यांचंच. अध्यक्षांनी नाव पुकारलं. दिवे मंद, तीन पायऱ्या अंधारात, पडद्यावर मी निवडलेले फोटो तयार. हात धरून न्यावं तर बाबा भर सभेत मरून जातील. मी दिवेवाल्याला ओरडून सांगितलं, “सगळे लावा! फोटो नकोत!” बाईंच्या हातातला पट्टा जवळजवळ हिसकावून घेतला, ठमीच्या गळ्यात बांधला आणि तिला घेऊन बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“चला बाबा. ठमी पुढे चालतेय.”

त्यांनी आवाजाकडे कान केला. “घुंगरू कुणी बांधलं?”

“मी.”

“हं,” बाबा म्हणाले.

ठमी उड्या मारत पायऱ्या चढली, छुम छुम छुम. बाबा तिच्या मागून चढले. एकदाही अडखळले नाहीत. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी ठमीला टेबलावर उभी केली आणि बाबा बोलायला लागले.

काय बोलले! चेहरा बघून पिल्लू घेऊ नका, चेहऱ्याला सगळेच भुलतात. आधी हात फिरवा. त्यांचा हात ठमीच्या मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून बरगड्यांवर उतरत होता आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. “हा खांदा मागे झुकलेला आहे. असा खांदा आमच्या घरात पूर्वी नव्हता. हा माझ्या सुनेने आणला,” म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं.

कुणीतरी मागून विचारलं, “मग काका, हे पिल्लू कसं? पास की नापास?”

बाबांनी हात ठमीच्या पाठीवर तसाच ठेवला.

“हाताला कळलं ते सांगितलं,” ते म्हणाले. “पण पिल्लाची चाल डोळ्यांनी बघायची असते. आणि मला हल्ली दिसत नाही. घरात कुणाला बोललो नाही, आज इथे सांगतो. न बघता मत देणारा परीक्षक लबाड असतो. घरी एकदा दिलं होतं तसं. ते मागे घेतो.”

अध्यक्ष माईक धरून नुसते उभे. मग डॉक्टरीणबाई पायऱ्या चढून वर आल्या आणि खिशातून टॉर्च काढला.

“काका, मी कुत्र्यांची डॉक्टर. पण बघू तर द्या. हनुवटी वर.”

बाबांनी आज्ञाधारकपणे हनुवटी वर केली आणि प्रदर्शनातल्या कुत्र्यासारखे स्तब्ध उभे राहिले. बाईंनी एक डोळा बघितला, मग दुसरा.

“आत काय आहे ते मला असं कळणार नाही. पण पुढे हे पांढरं धुकं साचलंय ते आधी दाखवा. उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जा. उद्या म्हणजे उद्या.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “मला कालच शंका यायला हवी होती. म्हातारी उगाच इतकी सावध नसते.”

पोस्टमास्तर सभासद नाहीत, पण पत्रक बघून आले होते. त्यांनी मंचापाशी येऊन बाबांचा हात धरला आणि म्हणाले, “अरे, मला वाटलं तू माझ्यावर रागावलास.” दोघं म्हातारे तिथेच रडायला लागले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पार पिकलेले. पडदे ठणठणीत असावेत असं वाटतंय. ऑपरेशन करायचं, एका वेळी एक डोळा. डॉक्टर म्हणाले, “इतके दिवस काय करत होतात?”

“मला वाटलं, पडदा वाळतोय,” बाबा म्हणाले.

“कशावरून?”

“आमच्या काजळीचा वाळला होता. सगळी लक्षणं तीच. संध्याकाळी कमी दिसायचं, पायऱ्या चुकायच्या.”

“काजळी म्हणजे कोण तुमच्या?”

“कुत्री.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आपल्याला कुत्रीचा रोग झालाय आणि त्यावर औषध नाही, हे या माणसाने घरच्या घरी ठरवून टाकलं होतं. असला गाढवपणा फक्त ब्रीडरच करू जाणे.

पण खरं ते गाडीत कळलं. नवरा गाडी चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी. मी मागून विचारलं, “निदान आम्हाला सांगायचं तरी.”

“याला सांगायचं नव्हतं,” बाबा म्हणाले. “रोग आनुवंशिक. माझ्याकडून आला असता तर याच्यातही उतरला असता. मी रोज बघत होतो, अजून तरी उतरला नाही ना.”

“कसं बघत होतात?” नवऱ्याने विचारलं.

“पेपर वाचून घेत होतो की. त्यात सगळ्यात बारीक छपाई शेअर बाजाराच्या पानाची.”

नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि डोळे पुसले. म्हणाला, गाडीत म्हातारीचे केस फार झालेत.

गुरुवार, ६ मार्च

पहिला डोळा झाला. दात विचकून अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे शांत उभा राहणारा माणूस आज आत जाताना कापत होता. म्हातारीला आत सोडेनात, म्हणून तिची दोरी खिशात घेऊन गेले.

रविवार, ९ मार्च

पट्टी परवाच निघाली. म्हणतात, आधी घराच्या भिंती दिसल्या आणि त्या फारच घाण आहेत. कोल्ह्याचं पत्रक सापडलं, तेव्हापासून अध्यक्षांना फोन करकरून शिव्या देतायत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. म्हातारी गोंधळलीय. डबक्यापाशी खेचते आणि बाबा तिच्याआधीच वळतात.

आज सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “आण तिला.”

मी ठमीचा पट्टा काढून घुंगरू खिशात टाकलं. तिला दोरीला लावलं आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं. बाबा काळ्या चष्म्याआडून बघत होते. मग उठून तिच्या मागे गेले, वाकले.

“मागची ढोपरं आत वळतायत. गाईसारखी.”

मी विचारलं, “आणखी?”

“डावा कान जड आहे. शेपटी चालताना वर घेते. आणि मिजास फार आहे तिला, ती कुणी शिकवली?”

“आणखी?”

“खांदा मात्र हाताला लागला होता त्याहून चांगला आहे. हिच्यासाठी नर निवडताना ढोपरं बघून घे. घाई करू नकोस.”

हिच्यासाठी नर. मी निवडायचा. मी मान हलवली. मग बाबांनी चष्मा जरा वर उचलून माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्यावर नजर रोखली होती.

“आणि तू?” म्हणाले. “किती वाळलीस. कानाशी पांढरे केस आले. पाठ वाकवून उभी राहतेस, ती कधीपासून?”

मी ठमीची दोरी हातात धरून दोन्ही पाय सरळ ठेवले, पाठ ताठ केली आणि हनुवटी वर करून तशीच उभी राहिले, त्यांचं बघून होईपर्यंत.